विश्लेषण : कीटोत मॅक्रो मोजायचे की नाही? गांधीजींच्या खाण्याच्या हिशेबात काय सापडतं?

कीटो डाएट सुरू करायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो काय खायचं. त्याचं उत्तर यूट्यूबवर शंभर जण देतात. खरा घोळ दुसऱ्या प्रश्नावर होतो : खाल्लेलं मोजायचं का? एका गटाचं म्हणणं, प्रत्येक घास ॲपमध्ये टाकला नाही तर ते कीटोच नाही. दुसऱ्या गटाचं म्हणणं, भात, पोळी, भाकरी, साखर बंद केली की झालं, वहीखातं कशाला?

माझं गाव तलवाडा, बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं, त्वरिता देवीचं. तिथे हा प्रश्न आणखी अडतो. ॲपमध्ये भाकरीची नोंद नगावर असते आणि आमच्याकडे नग कसला, सगळं थापणाऱ्या हातावर. मागे घरी गेलो तेव्हा परातीत घेतलेलं ज्वारीचं पीठ वजनकाट्यावर ठेवून पाहिलं. एका भाकरीला साधारण ८० ग्रॅम निघालं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदकं दिली आहेत. म्हणजे एका भाकरीत ५४ ग्रॅम. कीटोत दिवसभराची मर्यादा असते २० ते ५० ग्रॅम. पिठलं ताटात यायच्या आधीच कोटा संपला.

हे मोजलं नसतं तर कळलं नसतं. पण म्हणून आयुष्यभर मोजत बसायचं का? याचं उत्तर शोधताना एक माणूस सारखा समोर येतो, आणि तो कुठल्याही जिममधला नाही. मोहनदास करमचंद गांधी. त्यांनी कीटो कधीच केलं नाही. पण स्वतःच्या ताटाचा हिशेब पन्नास वर्षांहून अधिक काळ ठेवणारा, तो छापणारा आणि प्रयोग फसला की तेही छापणारा त्यांच्याइतका प्रसिद्ध दुसरा भारतीय सापडणं अवघड आहे. चरखा, मीठ, सत्याग्रह हे आपण शाळेत वाचलेलं असतं. इथे त्यांचं आयुष्य फक्त ताटाच्या बाजूने पाहू.

मोजण्याची सवय कीटोत आली कुठून?

आधी थोडक्यात हे. मॅक्रो म्हणजे अन्नातले तीन मोठे घटक : कर्बोदकं, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ. कर्बोदकं आणि प्रथिनं यांच्या एका ग्रॅममधून साधारण ४ कॅलरी मिळतात, तेला-तुपाच्या एका ग्रॅममधून ९. कीटोत कर्बोदकं इतकी कमी करतात की शरीर ग्लुकोजऐवजी चरबी जाळायला लागतं आणि यकृत कीटोन तयार करतं.

हा आहार वजन कमी करण्यासाठी जन्माला आलेला नाही. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी तो अपस्माराच्या, म्हणजे फिट येणाऱ्या रुग्णांसाठी सुचवला. उपाशी राहिलं की काही रुग्णांच्या फिट कमी होतात, हे डॉक्टरांना दिसलं होतं. पण माणसाला किती दिवस उपाशी ठेवणार? म्हणून जेवूनही शरीराला उपवासच वाटेल असा हा आहार. त्यात लहान मुलांचा प्रत्येक घास ग्रॅमवर तोलला जायचा, आजही तोलला जातो, कारण प्रमाण चुकलं की फिट परत येऊ शकते. तिथे वजनकाटा हे औषधाचं माप आहे. वजन उतरवायला कीटो करणाऱ्यांनी काटा घेतला तो तिथूनच. त्यामागचं कारण मात्र प्रत्येकाला लागू होतंच असं नाही.

लंडन ते प्रिटोरिया : पहिली वही

गांधीजी १८८८ मध्ये बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले तेव्हा १९ वर्षांचेही पूर्ण नव्हते. आईला दिलेल्या शब्दामुळे मांसाहार बंद, आणि शाकाहारी जेवण मिळवताना उपासमार. या काळात त्यांनी जी पहिली गोष्ट मोजली ती कॅलरी नव्हती, पैसा होता. बसच्या तिकिटापासून टपालापर्यंत प्रत्येक पेनीचा हिशेब रात्री झोपायच्या आधी जुळवायचा. त्यातून कळलं की खर्च कुठे गळतोय. मग त्यांनी खोली बदलली, बसऐवजी पायी चालायला लागले, सकाळी ओटची लापशी आणि कोको स्वतः करायला लागले. दिवसाचं जेवण एक शिलिंग तीन पेन्सात बसवलं. आकड्यावरून सवय बदलायची, ही रीत त्यांना इथे सापडली.

पाच वर्षांनी हीच रीत त्यांनी पोटावर वापरली. ऑगस्ट १८९३. गांधीजी प्रिटोरियात होते, वय २३. लंडनच्या शाकाहारी मंडळींत तेव्हा न शिजवलेल्या अन्नाची फॅशन होती. त्यांनी २२ ऑगस्टला प्रयोग सुरू केला आणि रोजनिशी ठेवली. पहिल्या दिवसाची न्याहारी वाचली तर आजच्या ॲपमधली नोंद वाटते : भिजवलेला गहू दोन मोठे चमचे, वाटाणे एक, तांदूळ एक, बेदाणे दोन, वीसेक लहान सुकामेव्याचे दाणे, दोन संत्री, एक कप कोको. खायला ४५ मिनिटं लागली, हेही त्यात आहे. आदल्या दोन दिवसांपासून सर्दी आहे, हेसुद्धा.

ही शेवटची नोंद मला सगळ्यात मोलाची वाटते. आज आपण ॲपमध्ये काय खाल्लं ते लिहितो, पण सर्दी होती, झोप झाली नव्हती, चिडचिड झाली, हे लिहीत नाही. गांधीजी रोज भूक, थकवा, पोट, मनाची अवस्था सगळं टिपत होते. त्यामुळे थोड्याच दिवसांत वहीने निकाल दिला : भूक शमत नाही, अंगात ताकद राहत नाही. त्यांनी प्रयोग थांबवला. पुढच्या वर्षी, १८९४ मध्ये, लंडनच्या शाकाहारी साप्ताहिकात तो फसल्याचं वर्णन स्वतःच छापून आणलं.

गोखले सांगत होते, तरी दूध नाही

यानंतरची वीस वर्षं आफ्रिकेतली. तिथे ताटातून एकेक पदार्थ जात राहिला. १९१२ मध्ये टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी आणि हर्मन कॅलनबाख यांनी दूध सोडलं. एक कारण ब्रह्मचर्याचं, दुसरं दुधासाठी गायी-म्हशींचे होणारे हाल. काही काळ ते फक्त फळं आणि शेंगदाण्यांवर राहिले.

१९१४ च्या अखेरीस लंडनमध्ये त्यांना फुप्फुसाच्या आवरणाची सूज, प्लुरसी, झाली. डॉ. जीवराज मेहता उपचार करत होते. हेच पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांनी दूध आणि धान्य घ्या असा आग्रह धरला. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा लंडनमध्येच होते आणि त्यांनीही डॉक्टरांचं ऐका म्हणून गळ घातली. गोखले रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचे, गांधीजी त्यांना राजकीय गुरू मानत. स्वतः गोखल्यांना मधुमेह होता, आणि इन्शुलिनचा शोध लागायला अजून सात वर्षं होती. पथ्य चुकलं की काय होतं हे त्यांच्याइतकं त्या खोलीत कुणाला ठाऊक असणार? गांधीजींनी रात्रभर विचार केला आणि सकाळी गुरूलाही नकार दिला. शेंगदाणे, केळी, लिंबू, टोमॅटो, द्राक्षं, ऑलिव्ह तेल यांवर ते कसेबसे चालले आणि बरे न होताच भारतात परतले. गोखले १९ फेब्रुवारी १९१५ ला गेले. वय ४८.

इथे वही होती, तब्येतीचं उत्तरही स्पष्ट होतं. पण नियम आधीच ठरलेला असल्यामुळे उत्तराला किंमत नव्हती.

पाच पदार्थ, बस्स

१९१५ च्या हरिद्वार कुंभमेळ्यात त्यांनी वेगळ्याच प्रकारचा हिशेब सुरू केला. जिथे जातील तिथे यजमान त्यांच्यासाठी नाना प्रकार करत, आणि साधेपणाच्या नावाखाली त्या घरावर उलटा भार पडे. म्हणून व्रत घेतलं : चोवीस तासांत पाचपेक्षा जास्त पदार्थ नाहीत, आणि अंधार पडल्यावर जेवण नाही. औषध घेतलं तर तेही पाचात धरायचं. पाणी फक्त वगळलं.

काटा नाही, तोळे नाहीत. फक्त बोटांवर मोजायचं. हा नियम त्यांनी पुढे कायम पाळला. रोज वापरता येणारा नियम कसा असावा याचा हा नमुना आहे, कारण तो लग्नघरातही पाळता येतो आणि रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातही. मात्र तो प्रमाणाबद्दल काहीच सांगत नाही. पाच पदार्थांत माणूस उपाशीही राहू शकतो आणि अतीही खाऊ शकतो. हे तीनच वर्षांत दिसलं.

१९१८ : आकडे बरोबर, माणूस अंथरुणाला

१९१८ चा उन्हाळा. खेडा जिल्ह्यात गांधीजी सैन्यभरतीसाठी गावोगाव पायी फिरत होते. जेवण मुख्यतः शेंगदाण्याचं लोणी, म्हणजे आजच्या भाषेत पीनट बटर, आणि लिंबू.

यावर जरा थांबू. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण ४० ग्रॅम स्निग्ध पदार्थ, २४ ग्रॅम प्रथिनं आणि १७ ग्रॅम कर्बोदकं असतात. लिंबात जवळपास काहीच नाही. म्हणजे त्यांच्या पन्नास वर्षांच्या प्रयोगांत कीटोच्या सगळ्यात जवळ गेलेलं ताट हेच असावं. आजच्या ॲपने कदाचित हिरवी खूण दिली असती.

पोट मात्र बिघडलं. ते लोणी जास्त खाल्लं जातंय याची त्यांना जाणीव होती, तरी चालू ठेवलं. आधी हलकी हगवण लागली. मग एका सणाच्या दिवशी कस्तुरबांनी केलेली गव्हाची गोड लापशी आणि मूग समोर आले, आणि भूक नसताना ते पोटभर जेवले. तासाभरात आजार उसळला. नडियादमध्ये अंथरूण धरलं, औषध घ्यायला नकार, दूध घ्यायला नकार. अशक्तपणा इतका वाढला की आपण जातो असं त्यांना वाटलं आणि आश्रमातल्या मंडळींना निरोपही देऊन झाला. याच दिवसांत केळकर नावाचे एक मराठी गृहस्थ बर्फाचे उपचार घेऊन आले. सगळे त्यांना बर्फाचे डॉक्टरच म्हणत. अंगभर बर्फ लावण्याने गांधीजींना थोडी भूक लागली, थोडं चालता आलं.

मग मित्रांनी हवापालटाला माथेरानला नेलं. तिथलं पाणी जड. आतड्याचा शेवटचा भाग आधीच हुळहुळा झालेला, त्यात चिरा पडलेल्या. जेवायची भीती वाटायला लागली. आठवडा व्हायच्या आत माथेरान सोडून मुंबई गाठावी लागली. मुंबईत डॉ. दलाल यांनी साफ सांगितलं की दुधाशिवाय शरीर परत भरून येणार नाही. दूध न घेण्याचं व्रत आहे, असं उत्तर मिळाल्यावर मार्ग कस्तुरबांनी काढला : व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, मग शेळीच्या दुधाला अडचण काय?

गांधीजींनी शेळीचं दूध घेतलं. जानेवारी १९१९ मध्ये शस्त्रक्रिया झाली, तब्येत सुधारली, आणि काही आठवड्यांत रौलट कायद्याविरुद्धचं आंदोलन उभं राहिलं. शेळीच्या दुधाची पळवाट आपण व्रताचा फक्त शब्द राखून काढली, आत्मा नाही, ही सल त्यांनी आत्मचरित्रात लपवली नाही. मला विचाराल तर कस्तुरबांचा तो एक प्रश्न त्या वर्षातला सगळ्यात उपयोगी वैद्यकीय सल्ला होता.

मॅक्रोवाल्यांनी इथून घ्यायचं ते एवढंच. ताटातले तीन आकडे बरोबर असू शकतात आणि तरी आतडं, पाणी, तंतू, झोप, एका वेळी खाल्लेलं प्रमाण यांपैकी काहीतरी बिघडलेलं असू शकतं. गांधीजींनी स्वतः दोष शेंगदाण्याला दिला नाही, आपल्या अतिखाण्याला दिला.

१९२९ : पुन्हा कच्चं अन्न, पुन्हा वही

दहा वर्षांनी, १९२९ च्या उन्हाळ्यात, त्यांनी कच्च्या अन्नाचा प्रयोग पुन्हा केला. या वेळी एकट्याने नाही, आश्रमातले सहकारीही होते. मोड आलेले गहू, बदामाचा लगदा, हिरवा पाला, लिंबं, मध. सगळं तोळ्यांवर आणि औंसांवर मोजलेलं. प्रमाणं ते ‘यंग इंडिया’त छापत, आणि वाचकांतल्या डॉक्टरांना चुका दाखवायला सांगत. आज लोक इन्स्टाग्रामवर आधीचा आणि नंतरचा फोटो टाकतात, तसंच काहीसं. फरक असा की ऑगस्टमध्ये हगवण लागल्यावर प्रयोग थांबवल्याची बातमीही त्यांनी त्याच पानांवर दिली आणि शेळीच्या दुधाकडे परत आले.

१८९३ आणि १९२९ मध्ये त्यांनी मोजलं आणि आकड्याने नाही म्हटल्यावर मागे फिरले. १९१४ आणि १९१८ मध्ये मागे फिरायचं नाही हे आधीच ठरलं होतं. दोन्हींत मोजणारा माणूस तोच, बारकावाही तोच. इंजिनीअरिंगला याला फीडबॅक म्हणायचो : सेन्सर कितीही अचूक असला, तरी त्याचं ऐकून व्हॉल्व्ह फिरत नसेल तर तो नुसता भिंतीवरचा डायल.

वर्ध्याचं ताट आजच्या ॲपमध्ये टाकलं तर?

१९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत स्वस्त, पोषक आहाराचे प्रयोग सुरू झाले. हातसडीचा तांदूळ, गूळ, पालेभाज्या, सोयाबीन. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहायला गेले, तेच पुढचं सेवाग्राम. तिथे आजाऱ्यांचं पथ्य ते स्वतः ठरवत.

या सगळ्याचा गोषवारा त्यांनी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना, ऑगस्ट ते डिसेंबर १९४२ मध्ये लिहिलेल्या आरोग्यावरच्या छोट्या पुस्तकात आहे. बैठं काम करणाऱ्या माणसासाठी रोजचं माप त्यांनी असं दिलं : गायीचं दूध २ रतल, धान्य सगळं मिळून ६ औंस, पालेभाजी ३ औंस, इतर भाज्या ५ औंस, कच्ची भाजी १ औंस, तूप दीड औंस, गूळ किंवा साखर दीड औंस, दोन लिंबं, आणि खिशाला परवडेल तेवढं फळ.

हे मी आजच्या तक्त्यांनी मोजून पाहिलं. एक औंस म्हणजे २८ ग्रॅम आणि एक रतल म्हणजे ४५४ ग्रॅम धरले. फळं वगळून साधारण असं येतं : कर्बोदकं २१५ ग्रॅम, प्रथिनं ५३ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ ८३ ग्रॅम, एकूण १,८०० कॅलरींच्या आसपास. ऊर्जेचा चाळीस टक्क्यांहून थोडा जास्त वाटा स्निग्ध पदार्थांतून. म्हणजे तूप भरपूर, तरी कीटो नाही. नुसत्या ६ औंस धान्यातून १२० ग्रॅम कर्बोदकं येतात आणि दुधातून आणखी चाळीसेक. तूप जास्त खाल्लं की कीटो झालं, असं समजणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. आपल्याकडे कीटो फसतं ते बहुतेक वेळा इथेच : तूप-पनीर वाढतं, पण दूध, गूळ आणि अर्धी भाकरी ताटातून गेलेली नसते.

आणखी एक आकडा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ मध्ये गांधीजींच्या आरोग्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यात १९३९ चं वजन ४६.७ किलो, उंची ५ फूट ५ इंच, बीएमआय १७.१ आहे. आजच्या मोजपट्टीवर कमी वजनाचा माणूस. ५३ ग्रॅम प्रथिनं म्हणजे त्या वजनाला किलोमागे एक ग्रॅमहून थोडी जास्त. ताट लहान होतं, पण कामापुरतं भरलेलं होतं. त्याच नोंदींत उच्च रक्तदाब मात्र आहे, १९४० मध्ये २२०/११० पर्यंत गेलेला. इतकं काटेकोर खाणाऱ्या, रोज चालणाऱ्या, सडपातळ माणसाला. जेवणाच्या काट्यावर रक्तदाब दिसत नाही, त्यासाठी वेगळं यंत्र लावावं लागतं. हे कीटोवाल्यांनाही लागू आहे. वजन उतरतंय म्हणून रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासायचं टाळू नये.

मग तुम्ही मोजायचं का?

सुरुवातीचे तीन-चार आठवडे मोजा, असं माझं मत आहे. कारण डोळ्याला अंदाज नसतो. तलवाड्यातल्या घरी कुणालाही विचारलं असतं तर भाकरीत पन्नासच्या वर कर्बोदकं आहेत असं कुणी सांगितलं नसतं. तीनही आकड्यांच्या मागे लागायची गरज नाही. कीटोत आधी कर्बोदकं, मग प्रथिनं. स्निग्ध पदार्थ भूक भागेल एवढे. ॲपमधल्या नगांवर विसंबू नका, कोरडं पीठ आणि कच्ची डाळ ग्रॅममध्ये टाका. गांधीजींसारखी एक ओळ तब्येतीची लिहा : झोप, पोट, थकवा.

महिन्याभरात तेच तेच दहा-बारा पदार्थ फिरून येतात आणि डोळा तयार होतो. मग काटा कपाटात ठेवून पाच पदार्थांसारखा एखादा नियम पुरतो. अंदाज सुटतोय असं वाटलं की आठवडाभर परत मोजायचं. न मोजता वजन कमी होतच नाही असं मुळीच नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर वर्षभर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाने कर्बोदकं कमी केली, दुसऱ्याने स्निग्ध पदार्थ. कॅलरी मोजायला कुणालाच सांगितलं नव्हतं. वर्षअखेर दोन्ही गटांचं वजन सरासरी पाच-सहा किलोंनी घटलं आणि दोन गटांत लक्षणीय फरक निघाला नाही. मराठवाड्यात तर डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून मांडलेली, दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत घराघरांत माहीत आहे. तीही घड्याळावर चालते, काट्यावर नाही.

कुणी अजिबात मोजू नये? जेवणाची वेळ झाली की ज्याच्या पोटात गोळा येतो, एक घास जास्त झाला म्हणून जो दुसऱ्या दिवशी उपाशी राहतो, त्याने. आकडा काहीही आला तरी आपण करतोय तेच बरोबर, असं ज्याने ठरवून टाकलंय त्यानेही मोजण्यात वेळ घालवू नये. आणि अपस्मारासाठी कीटो असेल तर प्रश्नच येत नाही : डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, रोज, ग्रॅमवर.

कीटोन, उपवास आणि शेवटचं ताट

गांधीजींच्या शरीरात कीटोन तयार झाल्याची नोंद आहे, पण ती आहाराची नाही, उपवासाची. १३ जानेवारी १९४८ ला दिल्लीत, हिंदू-मुस्लिम हिंसा थांबावी म्हणून त्यांनी उपोषण सुरू केलं. वय ७८. काही दिवसांतच डॉक्टरांना लघवीत ॲसिटोन सापडलं, म्हणजे शरीराने चरबी जाळायला घेतली होती. त्यांना ते सांगितलं तेव्हा आपली रामावरची श्रद्धाच कमी पडते आहे, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. डॉक्टरांनी लावलेला अर्थ साधा होता : आता धोका वाढतोय. १८ जानेवारीला सगळ्या गटांच्या नेत्यांनी लेखी हमी दिल्यावर उपोषण सुटलं.

हे आज सांगायचं कारण असं की कीटोन दिसले म्हणजे आहार जमला, असं समजून पट्टीने रोज लघवी तपासणारे पुष्कळ आहेत. निरोगी माणसात कमी कर्बोदकांमुळे येणारे थोडे कीटोन आणि मधुमेहात इन्शुलिन कमी पडल्याने वाढणारे कीटोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात रक्त आम्ल होतं आणि माणूस दगावू शकतो. टाइप १ मधुमेह असलेल्यांनी, इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, विशेषतः डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या चालू असलेल्यांनी, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी मॅक्रो मोजायचे का हा प्रश्न नंतर विचारावा. आधी कीटो करायचं का हेच डॉक्टरांना विचारावं. कर्बोदकं एकदम बंद केली आणि गोळीचा डोस तोच राहिला, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. गावाकडे हे घडायला एक सोमवार पुरतो.

उपोषणानंतर गांधीजींचं जेवण हळूहळू पूर्ववत होत होतं. ३० जानेवारी १९४८ ला दुपारी साडेचारच्या सुमारास आभाने त्यांच्यापुढे संध्याकाळचं ताट आणलं : शेळीचं दूध, शिजवलेल्या आणि कच्च्या भाज्या, संत्री, आणि आलं, आंबट लिंबू, तूप घातलेला कोरफडीच्या रसाचा काढा. समोर सरदार पटेल बसले होते, सरकारातल्या मतभेदांवर बोलणं चाललं होतं. बोलता बोलता जेवण झालं. पाचची प्रार्थनेची वेळ टळून गेली होती. आभाने घड्याळ दाखवलं तेव्हा ते उठले.